त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग यांच्या अध्यापनाविषयी: आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरूंना खुले पत्र

मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक
यांस,

मुंबई इलाख्यात त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग यांचे पाश्चात्त्य पद्धतीचे अध्यापन भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात सुरू झाले. गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या नावाचे हे कॉलेज १८४५ मध्ये जमशेटजी जिजीभाई (जे.जे.) रुग्णालयाला जोडून निघाले. स्वतंत्र विभाग म्हणून हे तीन विषय तिथे तेव्हा नव्हते आणि पुढे कित्येक वर्षे नव्हते. त्या काळच्या ब्रिटिश रिवाजाप्रमाणे गर्मी आणि परमा शल्यचिकित्सकाच्या वाट्याला जात. नायटा, इसब, खरूज हे फिजिशियनने जाता जाता उरकायचे विषय असत. युरोपात मात्र वेगळी चाल पडली होती. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात १८०१ पासून आलिबेर त्वचारोग शिकवत होते. ग्रँट कॉलेज निघाले त्याच वर्षी व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातला त्वचारोग विभाग फर्डिनांड हेब्रा यांच्या हाती आला. हेब्रांच्या वॉर्डात खरजेच्या रोग्यांचाच भरणा होता. खरूज रक्त बिघडल्याने होते हा जुना समज त्यांनी खरजेचे किडे स्वतःच्या अंगावर सोडून खोडून काढला. इतर डॉक्टर ज्या वॉर्डाकडे नाक मुरडत, त्या वॉर्डातून एक शास्त्र उभे राहिले. मुंबईत असा वॉर्ड नव्हता. रोगी मात्र ढिगाने होते.

या रोगांची जाण इथे अगदीच नव्हती असे नाही. आयुर्वेदाने अठरा कुष्ठे सांगितली, सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. त्यांत आजचा कुष्ठरोग जसा येतो तसे आजचे इसब आणि नायटेही येतात. पोर्तुगीजांच्या मागोमाग गर्मी आली तेव्हा भावप्रकाशात फिरंग रोगाची भर पडली आणि त्यावर पारा व चोपचिनी सांगितली गेली. गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या गार्सिया द ऑर्ता यांच्या औषधी वनस्पतींवरील ग्रंथात चोपचिनीवर स्वतंत्र प्रकरण आहे. याच गार्सियांकडे काही काळ मुंबई बेट खंडाने होते. म्हणजे मुंबईच्या पहिल्यावहिल्या जमीनदारांपैकी एक जण गर्मीच्या औषधावर लिहिणारा निघाला. पण ही सारी वैद्याची आणि ग्रंथाची विद्या होती. वर्गात विद्यार्थी बसवून, रोगी समोर उभा करून शिकवण्याची पद्धत कॉलेजाबरोबर आली.

ग्रँट कॉलेजातल्या ज्या शिक्षकाने या विषयांना खरा पाया दिला तो त्वचारोगाचा शिक्षक नव्हता. हेन्री व्हँडाइक कार्टर हे शरीररचनेचे प्राध्यापक. लंडनमध्ये हेन्री ग्रे यांच्या शरीररचनेच्या प्रसिद्ध ग्रंथाची चित्रे त्यांनीच काढली. १८५८ मध्ये ग्रंथ बाजारात आला त्याच वर्षी ते मुंबईच्या वैद्यकीय सेवेत रुजू झाले. ग्रंथावर मान ग्रे यांचा राहिला, कार्टर यांना एकरकमी मेहनताना मिळाला. मुंबईत त्यांच्यापुढे शेतकऱ्यांचे सुजलेले, गाठीगाठींचे पाय आले. त्या गाठींना भोके पडून त्यांतून काळे किंवा पिवळसर दाणे बाहेर पडत. दक्षिणेत या रोगाला मदुरेच्या नावाने ओळखत. कार्टर यांनी ते दाणे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि हे बुरशीचे घर आहे असे ठरवले. अनवाणी पायात काटा रुतावा, त्याबरोबर मातीतली बुरशी आत जावी आणि वर्षानुवर्षे मांस-हाड पोखरत राहावे, असा हा रोग. त्यावरचे त्यांचे सचित्र पुस्तक १८७४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांनी दिलेले मायसेटोमा हे नाव आजही पाठ्यपुस्तकात आहे. पुढे साताऱ्यात सिव्हिल सर्जन असताना त्यांना कुष्ठरोगी दिसत राहिले. १८७३ मध्ये ते नॉर्वेत बर्गेनला गेले. आर्मावर हॅन्सन यांना कुष्ठरोगाचे जंतू नुकतेच दिसले होते. कार्टर यांनी नॉर्वेतल्या कुष्ठालयांवर सरकारला अहवाल दिला आणि इलाख्यातही तशी व्यवस्था व्हावी म्हणून पाठपुरावा केला. चित्रकाराचा हात आणि सूक्ष्मदर्शकाची सवय या दोन गोष्टी त्यांनी कॉलेजात आणल्या. त्वचारोग शिकवायला याहून चांगली शिदोरी नाही.

त्याच कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी लाड होते. पेडण्याजवळच्या मांद्र्यात जन्मलेले हे डॉक्टर पुरातत्त्वासाठी आणि मुंबईच्या सार्वजनिक जीवनासाठी जास्त ओळखले जातात. पण आयुष्याच्या शेवटच्या काळात कुष्ठरोगावरचा उपाय हाच त्यांचा ध्यास होता. पश्चिम घाटात वाढणाऱ्या कडू कवठीच्या बियांचे तेल ते रोग्यांना देत. रोगी लांबलांबून येत, काहींना उतार पडे. भाऊंनी औषध मात्र गुप्त ठेवले, आणि १८७४ मध्ये ते वारले. खात्री झाल्याशिवाय जाहीर करायचे नाही असा त्यांचा हेतू धरला तरी अध्यापनाच्या दृष्टीने ती हानीच झाली. औषध उघड केले असते तर कॉलेजच्या वर्गात त्यावर वाद झाला असता, मोजदाद झाली असती. पुढे याच कुळीतले तेल चौलमुगरा या नावाने जगभर गाजले आणि सल्फोन औषधे येईपर्यंत कुष्ठरोगावर दुसरे काही नव्हते.

गुप्तरोगांची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. त्यांचा संबंध सरकारने कॉलेजशी जोडलाच नाही, पलटणींशी जोडला. छावणीतले गोरे सैनिक आजारी पडतात म्हणून १८६८ चा सांसर्गिक रोग कायदा आला. वेश्यांची नोंदणी, सक्तीची तपासणी आणि बाधा असेल तर लॉक हॉस्पिटल नावाच्या कोंडवाड्यात रवानगी, असे त्याचे स्वरूप होते. पुरुषाची तपासणी करायची तरतूद नव्हती; हा रोग बाईपासूनच सुरू होतो असे जणू गृहीत धरलेले. १८८८ मध्ये कायदा रद्द झाला आणि ते योग्यच झाले. पण कायद्याबरोबर या रोगांविषयीची सरकारी आस्थाही संपली. बाधित बाईला कोंडायचे नसेल तर तिच्यावर उपचार कुठे करायचे आणि ते विद्यार्थ्याला शिकवायचे कुणी, हा प्रश्न तसाच राहिला. या विषयाच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा घडलेले दिसते. एखादा कायदा, औषध किंवा घोषणा येते, प्रश्न मिटला असे मानले जाते आणि शिकवणारी जागा आवळली जाते.

कुष्ठरोगासाठी मुंबईत पहिली मोठी जागा झाली तीही शिक्षणासाठी नव्हे. रस्त्यावर भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्यांचा शहराला त्रास वाटू लागला, तेव्हा म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅकवर्थ यांनी १८९० मध्ये माटुंग्याला निराधार कुष्ठरोग्यांचे आश्रयस्थान काढले. वडाळ्याचे आजचे अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय ते हेच. मराठी वाचकाला अ‍ॅकवर्थ हे नाव दुसऱ्याच कारणाने माहीत असते: शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर त्यांनी जमवलेला ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये निघाला. एकाच माणसाने एका वर्षी कुष्ठालय काढावे आणि पुढच्या वर्षी पोवाडे छापावेत, अशी माणसे त्या काळी होती. लंडनच्या नॅशनल लेप्रसी फंडाने नेमलेल्या कुष्ठरोग आयोगाने १८९०-९१ मध्ये देशभर फिरून, सरसकट विलगीकरणाची गरज नाही असे मत दिले. तरी १८९८ मध्ये लेपर्स अ‍ॅक्ट झालाच आणि तो पुस्तकातून निघायला २०१६ साल उजाडले.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत या विषयाचा कायापालट झाला. १९०५ मध्ये शाउडिन आणि हॉफमन यांना उपदंशाचे, म्हणजे गर्मीचे, जंतू दिसले, १९०६ मध्ये वासरमन यांची रक्ततपासणी आली, १९१० मध्ये एर्लिख यांचे साल्वर्सान विक्रीला आले. मद्रासेत चार्ल्स डोनोव्हन यांनी १९०५ मध्ये जननेंद्रियावरच्या एका चिवट व्रणात जे कण पाहिले, त्यांना आजही डोनोव्हन बॉडीज म्हणतात. व्रण डोळ्यांनी पाहून निदान करणारा शल्यचिकित्सक आता पुरेसा नव्हता. काचपट्टी, सूक्ष्मदर्शक आणि रक्ताची नळी हाताळणारा माणूस हवा होता. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये अ‍ॅक्टन आणि त्यांच्यामागून गणपती पांजा यांनी त्वचारोगांचे काम प्रयोगशाळेच्या बळावर उभे केले. मुंबईत परळला १९२६ मध्ये सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि के.ई.एम. रुग्णालय सुरू झाले; पुढे त्याचा त्वचा विभाग, विशेषतः बुरशीजन्य रोगांवरच्या कामासाठी, देशात नावाजला गेला. नायर आणि नंतर सायन ही महापालिकेची आणखी दोन कॉलेजे झाली. पुण्यात बी.जे. मेडिकल कॉलेज होते. या सगळ्या ठिकाणी ओ.पी.डी.त गर्दी त्वचेचीच असे आणि विभागाला मिळणाऱ्या खोल्या सर्वांत कमी, ही तक्रार जुनी आहे.

मुंबईचे एक श्रेय मात्र निर्विवाद आहे. डॉ. यू. बी. नारायणराव यांनी १९३५ मध्ये इथून गुप्तरोगांवरचे नियतकालिक सुरू केले. नाव बदलत, त्वचा आणि मग कुष्ठरोग सामावून घेत, ते आज या विषयाचे राष्ट्रीय जर्नल झाले आहे. त्वचारोग व गुप्तरोगतज्ज्ञांच्या दोन संघटना १९७३ मध्ये एक झाल्या, तेव्हा नव्या संघटनेच्या नावातही कुष्ठरोग आला. जगात अनेक ठिकाणी त्वचारोगतज्ज्ञ फक्त त्वचेचा असतो. भारतात तो त्वचा, गुप्तरोग आणि कुष्ठरोग अशा तिन्हींचा असतो. ही जोडणी कागदावरची नाही, ती ओ.पी.डी.च्या रांगेतून आली आहे: अंगावर फिकट चट्टा घेऊन आलेल्या माणसाला कोड आहे, शिबे आहे की कुष्ठरोग, हे एकाच डॉक्टरला एकाच वेळी ठरवावे लागते. तळहातावरचे पुरळ उपदंशाचे असू शकते, हेही त्यालाच आठवावे लागते.

वैद्यकीय वर्गाबाहेर हा विषय मराठीत शिकवण्याचे धाडस एका गणिताच्या प्राध्यापकाने केले. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर पुस्तक लिहिले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत समाजस्वास्थ्य मासिक एकहाती चालवले. त्यासाठी नोकरी गेली, खटले झाले. परमा आणि गर्मी यांची नावे न लाजता, पापपुण्याचा सूर न लावता छापणारे ते मासिक म्हणजे मराठीतले पहिले गुप्तरोगशास्त्राचे वर्ग म्हणायला हरकत नाही. विद्यापीठाने मात्र त्याची दखल घेतली नाही.

मग औषधे आली. १९४३ मध्ये अमेरिकेत महोनी यांनी उपदंशावर पेनिसिलिन वापरले आणि आर्सेनिक-पाऱ्याची वर्षानुवर्षांची सुई-मलमपट्टी मागे पडली. कुष्ठरोगावर १९४१ मध्ये अमेरिकेतल्याच कारव्हिल इथे प्रोमिन यशस्वी झाले, त्यातून डॅप्सोनची गोळी आली आणि ती १९५० च्या सुमारास भारतभर पोचली. चांदा जिल्ह्याच्या जंगलपट्टीत यॉज हा उपदंशाचा चुलतभाऊ, पण लैंगिक संबंधाशी काही देणेघेणे नसलेला रोग होता. पेनिसिलिनच्या एकेका सुईच्या मोहिमांनी तो हटला. भारत यॉजमुक्त झाल्याची मोहोर २०१६ मध्ये लागली. गुप्तरोगांचे वॉर्ड रिकामे झाले. गुप्तरोगतज्ज्ञ हा शब्दच स्टेशनाबाहेरच्या भिंतींवर जाहिराती रंगवणाऱ्यांनी पळवला, आणि वैद्यकीय कॉलेजने तो फारशी खळखळ न करता जाऊ दिला.

याच काळात कुष्ठरोगाचे अध्यापन मात्र मुंबईत बहरले, कारण ते त्वचेच्या पलीकडे गेले. के.ई.एम. आणि पुढे टाटा मेमोरिअलमध्ये काम केलेले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंच्या वाटेने कसे पसरतात याचा अभ्यास केला. हा आधी नसांचा रोग आहे आणि मग कातडीचा, हे त्यांच्या कामाने ठसवले. हेच खानोलकर पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. जे.जे. मध्ये डॉ. नोशीर अँटिया यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला आणि वाकड्या झालेल्या बोटांवर, बसलेल्या नाकावर, न मिटणाऱ्या पापणीवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. कुष्ठरोगी सामान्य रुग्णालयात, सामान्य वॉर्डात ठेवता येतो हे त्यांनी करून दाखवले. त्याआधी त्याची जागा शहराबाहेर होती: वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण, अमरावतीला तपोवनात शिवाजीराव पटवर्धन, वरोऱ्याला आनंदवनात बाबा आमटे. या तिघांपैकी कुणीही वैद्यकीय विद्यापीठाचा नव्हता. १९७६ मध्ये डॉ. आर. गणपती यांनी बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्ट काढून रोग शोधायला झोपडपट्टीत आणि शाळांत माणसे पाठवली.

पदव्युत्तर शिक्षण या सगळ्याच्या मागोमाग आले. मुंबई विद्यापीठाची डी.व्ही.डी. आणि १९१२ पासूनच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची डी.डी.व्ही. या पदविकांनी महाराष्ट्राच्या तालुक्या-तालुक्यात त्वचारोगतज्ज्ञ पोचवले; एम.डी.ने शिक्षक तयार केले. पाठ्यपुस्तके मात्र बराच काळ लंडनची होती. गोऱ्या कातडीवर लालभडक दिसणारा चट्टा सावळ्या अंगावर जांभळट किंवा नुसता काळपट दिसतो, हे विद्यार्थ्याला पुस्तकात सापडत नसे, वॉर्डातच शिकावे लागे. जे स्थानिक होते ते स्थानिकांनीच लिहायला हवे होते, आणि एक ठळक उदाहरण पुण्याने दिले. १९५० च्या दशकात पुण्याच्या आसपास गाजरगवत दिसू लागले. काही वर्षांतच शेतकऱ्यांच्या चेहऱ्यावर, पापण्यांवर, मानेवर आणि कोपराच्या खोबणीत जाड, काळी, सतत खाजणारी कातडी होऊ लागली. उघड्या भागावर असल्याने ते उन्हाने झाल्यासारखे वाटे. पुण्याचे लोणकर आणि त्यांचे परदेशी सहकारी मिचेल व कॅलनान यांनी १९७४ मध्ये या गवताच्या अ‍ॅलर्जीवर निबंध प्रसिद्ध केला. आता गाजरगवताचा इसब हा जगभरच्या पाठ्यपुस्तकातला परिच्छेद आहे.

१९८६ मध्ये गुप्तरोगांचे रिकामे वॉर्ड पुन्हा आठवले. भारतात एच.आय.व्ही.चा पहिला शोध चेन्नईत लागला, तोही एका एम.डी. विद्यार्थिनीच्या प्रबंधातून; तिला हा विषय डॉ. सुनीती सॉलोमन यांनी सुचवला होता. विद्यापीठाने एक प्रबंध नीट करून घेतला तर देशाचे आरोग्यधोरण बदलते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. मुंबईत कामाठीपुरा जे.जे. पासून हाकेच्या अंतरावर. चाळीस वर्षे पेनिसिलिनच्या भरवशावर दुर्लक्षित राहिलेल्या विभागांवर एकदम भार आला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना (नॅको) १९९२ मध्ये स्थापन झाली, गुप्तरोगांसाठी सुरक्षा क्लिनिके निघाली, समुपदेशक आले. पण त्याबरोबर लक्षणसमूहावरून उपचार करायची पद्धतही आली. व्रण असेल तर एका रंगाचे पाकीट, स्राव असेल तर दुसऱ्या रंगाचे. जिथे प्रयोगशाळा नाही तिथे ही पद्धत सोयीची, आणि तिच्यामुळे असंख्य लोकांना वेळेत औषध मिळाले हेही खरे. मात्र प्रयोगशाळा असलेल्या वैद्यकीय कॉलेजांतही ती शिरली, आणि काचपट्टी घेऊन उपदंशाचे जंतू शोधणारा विद्यार्थी दुर्मीळ झाला.

कुष्ठरोगात तेच दुसऱ्या वाटेने झाले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन अशा बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. भारतात तो सुरुवातीला ज्या जिल्ह्यांत दिला गेला त्यांत वर्धा होता. २००५ च्या अखेरीस दहा हजारांत एकापेक्षा कमी रोगी या निकषावर देशाने निर्मूलन जाहीर केले. निकष सार्वजनिक आरोग्याचा होता, पण ऐकणाऱ्यांनी रोग संपला असे ऐकले. कुष्ठरोगाचे स्वतंत्र कर्मचारी इतर कामांत विलीन झाले आणि वैद्यकीय विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढून रोगी गेले. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या कुष्ठरोग्यांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतातले असतात.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले आणि राज्यभरची वैद्यकीय कॉलेजे त्याच्या छत्राखाली आली. २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात एम.बी.बी.एस.साठी त्वचा, गुप्तरोग व कुष्ठरोग हा विषय नावानिशी आहे, कोणती कौशल्ये यायला हवीत याची यादी आहे, वॉर्डातली पाळीही आहे. स्वतंत्र पेपर नाही. प्रश्न येतात ते सामान्य वैद्यकशास्त्राच्या पेपरात, मानसोपचाराच्या शेजारी. परीक्षेच्या गणितात पारंगत असलेल्या विद्यार्थ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. पाळीच्या आठवड्यांत तो बहुधा पदव्युत्तर परीक्षेची पुस्तके घेऊन ओ.पी.डी.च्या मागच्या बाकावर बसतो. गंमत अशी की पदव्युत्तर प्रवेशात त्वचारोगाच्या जागेसाठी झुंबड असते. लेझर, केस आणि सौंदर्य यांनी ही झुंबड वाढवली आहे. खरजेच्या वॉर्डातून निघालेल्या विषयाचा हा प्रवास हेब्रांना ओळखू आला नसता.

या सगळ्याचा परिणाम कोपरसारख्या ठिकाणी उघडा दिसतो. दिवा आणि डोंबिवलीच्या मधले हे स्टेशन, वरून वसई मार्ग आणि खालून मध्य रेल्वे. सकाळच्या लोकलमध्ये दाटीवाटीने उभी राहिलेली, घामाने भिजलेल्या जीन्समधली माणसे संध्याकाळी परत येतात आणि जांघेतल्या खाजेसाठी मेडिकलमधून एक ट्यूब घेतात. तिच्यात बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि कडक स्टेरॉइड अशी तिन्ही असतात. दोन दिवसांत खाज जाते. बुरशी जात नाही. नायट्याची ओळखीची गोल, उठावदार कड पुसली जाते आणि चट्टा पोटापर्यंत पसरतो. एकाचा टॉवेल दुसरा वापरतो आणि खोलीतल्या सगळ्यांना नायटा होतो. गेल्या दहा-बारा वर्षांत देशभर पसरलेल्या या चिवट नायट्याच्या बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असे स्वतंत्र नाव मिळाले. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती अनेकदा दाद देत नाही. २०१८ मध्ये सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. पण चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरनेही तीच ट्यूब लिहिली तर कायदा काही करू शकत नाही. त्या डॉक्टरला त्वचारोगाचे किती आठवडे मिळाले होते, हा प्रश्न तिथून पुढे विद्यापीठाकडे येतो.

नायट्याचे निदान पाच मिनिटांचे आहे. बोथट पात्याने चट्ट्याच्या कडेची खपली काचपट्टीवर खरवडायची, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, काच झाकायची, ज्योतीवर किंचित ऊब द्यायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेले धागे शोधायचे. कार्टर यांनी केले त्याहून यात फार वेगळे काही नाही. कुष्ठरोगाची तपासणी याहून साधी आणि बिनखर्चाची आहे. रोग्याला डोळे मिटायला सांगून फिकट चट्ट्यावर कापसाची वात टेकवायची आणि स्पर्श झाला तिथे बोट ठेवायला सांगायचे. मग कोपराच्या मागची, मानेवरची आणि गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूची नस बोटांनी चाचपायची. ती जाड आणि दुखरी लागते का ते दोन्ही बाजू ताडून पाहायचे. हे पुस्तकातून येत नाही. पन्नास निरोगी नसा हाताखालून गेल्या की एकावन्नावी जाड नस आपोआप बोटांना कळते.

कोपरहून कल्याणच्या बाजूला थोडे पुढे गेले की पत्री पुलाजवळ हनुमाननगर ही कुष्ठरोगमुक्त कुटुंबांची वसाहत लागते. नौदलात नोकरी केलेले डोंबिवलीचे गजानन माने यांनी तिथल्या लोकांच्या जखमा धुण्यापासून पोटापाण्यापर्यंत वर्षानुवर्षे काम केले. त्याबद्दल त्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. औषधाचा कोर्स पूर्ण झालेल्या माणसाच्या बधिर पायाला खडा टोचतो, जखम चिघळते, बोट जाते. यावर उपाय म्हणजे रोज पाय पाहणे, भिजवणे, तेल लावणे आणि मऊ तळव्याची चप्पल. हे सारे तिथे शिकता येते, आणि शिकायला वैद्यकीय विद्यार्थी मात्र क्वचितच जातात.

कोपर आज दोन कॉलेजांच्या मधोमध आहे. एका बाजूला कळव्याचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय, ठाणे महापालिकेचे, १९९२ पासूनचे. दुसऱ्या बाजूला अंबरनाथचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, २०२४ मध्ये सुरू झालेले. मधल्या पट्ट्यात डोंबिवलीचे शास्त्रीनगर आणि कल्याणचे रुक्मिणीबाई ही महापालिकेची रुग्णालये, डोंबिवली एमआयडीसीतले रसायने आणि कापड रंगवणारे कामगार, आणि ही वसाहत. शिकण्यासाठी लागणारे सगळे रोग या पंधरा-वीस किलोमीटरांत आहेत. या पार्श्वभूमीवर विद्यापीठाकडे मागणी आहे ती नव्या इमारतीची नाही. अंबरनाथचा विभाग उभा राहत असतानाच त्याची आणि कळव्याची एम.बी.बी.एस.ची पाळी या रुग्णालयांत आणि हनुमाननगरात न्यावी. प्रात्यक्षिक परीक्षेत खपलीची काचपट्टी आणि नस चाचपणे या दोन गोष्टी प्रत्येक विद्यार्थ्याकडून परीक्षकासमोर करून घ्याव्यात, आणि त्या येत नसतील तर पाळी पुन्हा करायला लावावी. पाळीच्या वहीत गुप्तरोगाचा आणि कुष्ठरोगाचा प्रत्येकी किमान एक रोगी विद्यार्थ्याने स्वतः तपासल्याची सही असावी. पदव्युत्तर प्रबंधांचे विषय ठरवताना नायट्याची औषधप्रतिकारकता, रंग-कारखान्यांतील कामगारांचे इसब आणि औषध संपलेल्या कुष्ठरोग्यांचे पाय यांना पहिला हक्क मिळावा. यासाठी लागणारे नियम अभ्यासमंडळाच्या अखत्यारीतले आहेत, आणि अंबरनाथची पुढची तुकडी त्वचारोगाच्या पाळीला येण्याआधी ते लागू करता येतात.

कोपर, डोंबिवली (पश्चिम)